आमची पद्मिनी आणि तिची किंमत



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तावर बोलावे, राज्यकारभारावर बोलावे. एका मोडक्या मोटारीवर बोलण्यासाठी आपण आम्हांला उभे केले, यात चालकांचे धाडस अधिक की आमचे, हे आपण शेवटी ठरवा.

आंबागड आपणांस ठाऊक आहे. तुमसरहून निघाले की सातपुड्याच्या एका सोंडेवर तो किल्ला दिसू लागतो. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला, आणि पुढे भोसल्यांनी तेथे कैदी ठेवले, असे सांगतात. आमच्या तीर्थरूपांना इतिहासापेक्षा त्या वाटेची गोडी अधिक. १९८२ सालची त्यांची प्रीमियर पद्मिनी दर रविवारी तिकडे जाई.

ही गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. नाव पुढे बदलले, तरी लोक तिला मरेपर्यंत फियाटच म्हणत राहिले. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायची, असा तो काळ. १०८९ सी.सी.चे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. तो दांडा टाकायला शिकलो तेव्हा घरात आमची गणना मोठ्या माणसांत होऊ लागली. तीर्थरूप गेल्यावर गाडी आमच्याकडे आली. रविवारचा नेम मात्र मातोश्रींनी चालू ठेवला.

२०१८ च्या डिसेंबरात, दिवेलागणीला, आंबागडाहून परतताना शेताच्या वाटेवरून धानाच्या पोत्यांची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर रस्त्यावर चढला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. आम्ही ब्रेक दाबला, पण ट्रॉलीचा कोपरा पद्मिनीच्या डाव्या अंगात शिरायचा तो शिरलाच. माणसे वाचली. मातोश्रींचा गुडघा तेवढा सुजला. ट्रॅक्टरवर जेमतेम विशीचा पोरगा होता. तो आमच्यापेक्षा अधिक घाबरला होता.

तुमसरच्या मिस्त्रीने गाडी खालून-वरून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, ट्रकची चेसिस वाकली तर वेगळी काढून सरळ करता येते. हिला वेगळी चेसिसच नाही. हिचं अंगच चेसिस आहे, अन् तेच पिळलं." दार, पंखा, रेडिएटर या गोष्टी जुन्या बाजारात शोधता येतात. पिळलेले अंग सरळ करणे हे निराळेच काम. त्याने खर्च सांगितला बासष्ट हजार.

आता विम्याकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, आणि आम्हांलाही वाटत होते, की विमा उतरला म्हणजे गाडी परत मिळते. तसे नाही. विमा कंपनी कागदावर मान्य झालेल्या रकमेच्या आत नुकसान भरून देते, एवढाच तिचा करार. नव्या गाडीची ती रक्कम कारखान्याच्या किमतीतून घसारा वजा करून ठरते. पाचव्या वर्षापर्यंत ती निम्मी होते. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता संपतो, आणि किंमत कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची असते. म्हणजे आमच्या पद्मिनीची किंमत ठरवण्यात आमचाही आवाज होता!

त्या आवाजाचे आम्ही काय केले? दर साली हप्ता थोडा वाचावा म्हणून रक्कम उतरवत आणली. साठ हजारांवरून चाळीस हजार. वर्षाला सहा-सातशे रुपये वाचले, आणि ते कशात गेले हे आज आठवतही नाही. नियम असा, की दुरुस्तीचा खर्च मान्य रकमेच्या पाऊणपटीहून अधिक झाला तर गाडी पूर्ण बुडाली असे धरायचे. चाळीस हजारांची पाऊणपट तीस हजार, आणि मिस्त्रीचा आकडा बासष्ट. जाणकाराचे मूल्यांकन जोडून लाखाची रक्कम मान्य करून घेतली असती, तर पाऊणपट पंचाहत्तर हजार झाली असती, आणि गाडी दुरुस्तीच्या हद्दीत राहिली असती. तरी दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मी कपात असतेच, म्हणजे खिशातून बरेच गेले असते. पण गाडी दारात असती. हप्ता वर्षाला दोनेक हजार अधिक पडला असता. सर्वेक्षक कडक होता, अशी तक्रार आम्ही चार घरी करून पाहिली. ती खरी नव्हती. तो सज्जन गृहस्थ होता, आणि चाळीस हजारांखाली सही आमची होती.

कंपनीने दोन वाटा दाखवल्या. सांगाडा त्यांना द्यावा आणि सक्तीचे हजार वजा होऊन एकोणचाळीस हजार घ्यावेत. किंवा सांगाडा ठेवावा, त्याचे चौदा हजार कापून पंचवीस हजार घ्यावेत. आमच्या मनात ठेवायचे होते. मातोश्री म्हणाल्या, "अंगणात रोज तिच्याकडे बघायचं कोणी?" आम्ही सही केली. निकामी गाडीची खबर चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावी लागते; तेथे नोंदणीपुस्तक दिले, त्यात तीर्थरूपांचे नाव अजून पहिल्या पानावर होते.

२०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचा नियम झाला. आमची गाडी तोवर राहिली असती तरी त्यात बसली नसती. ती अवघी एकोणचाळीसची झाली असती. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांत तिची छायाचित्रे आली. मातोश्रींनी ती बराच वेळ पाहिली.

ट्रॅक्टरच्या मालकावर दावा लावा, उरलेले पैसे तिकडून निघतील, असे वकील मित्राने सुचवले होते. कायदा तशी वाट देतो. आम्ही विचार करीत होतो, तोच त्या पोराचा बाप एका सकाळी सायकलवर अर्धे पोते नवा चिन्नोर तांदूळ घेऊन आला. बसला नाही, फारसे बोललाही नाही. मातोश्रींनी आत जाऊन पोते रिकामे केले आणि धुऊन, घडी करून त्याच्या हाती परत दिले.