स्कूटी आपण चालवतो, पण कागदावर नाव कुणाचं?



आता गावोगावी बाया स्कूटी शिकायला लागल्यात. कुणी डेअरीवर दूध घालते, कुणी लेकराला शाळेत सोडते, कुणी गटाचा हप्ता बँकेत भरून येते. आम्हाला याचा आनंदच आहे. म्हणूनच आज लायसन आणि विम्याबद्दल बोलू या.

आधी शिकाऊ लायसन काढायचं. ते 6 महिने चालतं. 30 दिवस झाले की पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, आणि सोबत पक्कं लायसन असलेलं शिकवणारं माणूस हवं. मागे दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, लेकरालासुद्धा नाही. लायसन नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मग शेत नाहीतर दागिने गहाण पडतात.

नवी गाडी घेताना सांगतात, "पाच वर्षांचा विमा आहे, काळजी नको." तो थर्ड पार्टीचा विमा असतो. आपल्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई त्यातून मिळते. आपल्या गाडीची मोडतोड त्यात येत नाही. तिचा विमा वेगळा असतो, आणि बहुतेक वेळा तो दरवर्षी भरावा लागतो.

आता नीट ऐका. गाडीमालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा असतो. मालक म्हणजे आरसी बुकात ज्याचं नाव आहे तो. पुष्कळ घरांत गाडी मालकांच्या, म्हणजे आपल्या कारभाऱ्यांच्या नावावर असते आणि रोज चालवतो आपण. आपल्याला काही झालं, तर ते 15 लाख लेकरांना मिळत नाहीत. म्हणून गाडी घेतानाच ती आपल्या नावावर घ्या. लायसनही आपलं हवंच, त्याशिवाय हा विमा लागू होत नाही.

गाडी आधीच घेतली असेल, तर निदान बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वय 18 ते 70 असावं. वर्षाला 20 रुपये खात्यातून कापले जातात. अपघातात जीव गेला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. वारसाचं नाव लिहायला विसरू नका.

आणखी एक. 18 वर्षांखालच्या लेकराच्या हाती स्कूटी देऊ नका. त्यानं काही केलं तर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

निघताना पदर, ओढणी नीट खोचा. चाकाला साडी गार्ड ठेवा. हेल्मेटचा पट्टा लावा, हेल्मेट हँडलला लटकवू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आरसी आणि विम्याचा कागद घेऊन या. नाव कुणाचं, विमा कोणता, तारीख कधी संपते, हे सगळ्याजणी मिळून वाचू या. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीनं वाचून दाखवायचं.

जपून चालवा, बायांनो. नमस्कार.