सापाचा आडोसा घरात नको, बांधावर असू द्या

  पाऊस लागला की गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी एकच विषय निघतो, तो म्हणजे साप. कोणाच्या गोठ्यात निघाला, कोणाच्या सरपणात. म्हणून आज आपण सापाच्या लपण्याच्या जागेबद्दल बोलू.

ऐकून हसाल, पण अमेरिकेत लोक साप पाळतात. तिथे कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप आहे, म्हणजे मक्याचा साप. मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. त्याला काचेच्या पेटीत ठेवतात आणि पेटीत लपायला दोन जागा करतात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. दोन कशाला? सापाचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही. ऊब लागली की तो उबेला जातो, तापला की गारव्याला. लपायला एकच जागा असली तर त्याला ऊब तरी सोडावी लागते, नाहीतर आडोसा तरी. जागाही अंगाला घासेल इतकी अरुंद लागते. ती मिळाली नाही तर तो भेदरतो, खाणं सोडतो.

आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पण सापाचा स्वभाव तिथे तोच आणि इथेही तोच. आता आपलं घर बघा. चुलीच्या भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा ढीग, म्हणजे ऊब. मोरीशेजारी विटा आणि फुटके माठ, म्हणजे गारवा. दोन्हीकडे अंधार, दोन्हीकडे अरुंद फटी. वर कणगीखाली उंदीर. त्या अमेरिकेतल्या माणसाने मुद्दाम केलेली सोय आपण नकळत करून ठेवतो.

आता काम सांगतो. सरपण भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून हातभर उंच रचा, खालून उजेड दिसला पाहिजे. लाकूड काढताना आधी काठीने ढीग हलवा, मग हात घाला. अंधारात बॅटरी घ्या. गवऱ्यांचा हुडवा, कडब्याची गंजी, विटांचा ढीग दारापासून दूर न्या. धान्य झाकणाच्या कोठीत ठेवा. साप स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या बिळात घुसतो. म्हणून घराजवळची बिळं दगड-मातीने बुजवा. पण ताजं बीळ दिसलं तर त्यात हात घालू नका. जमिनीवर झोपत असाल तर खाट घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश झोपेत कळतही नाही.

मग साप जाईल कुठे? त्याची सोय शेतावर असू द्या. धामण बिनविषारी असते, दिवसा फिरते आणि उंदीर खाते. मका, गहू, हरभरा यांची नासाडी करणारा उंदीर ती फुकटात कमी करते. ती गाईचं दूध पिते, शेपटीने मारते, या नुसत्या गोष्टी आहेत. सापाला दूध पचतच नाही. घरापासून, पायवाटेपासून आणि विहिरीपासून लांब असलेल्या बांधाच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग आणि थोडं झुडूप राहू द्या. बांध सरसकट पेटवू नका. मात्र तिथे नागही येऊ शकतो, म्हणून तो कोपरा घरातल्या सगळ्यांना माहीत हवा आणि पोरांनी तिकडे खेळायला जायचं नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार आपल्याकडचे जास्त धोक्याचे विषारी साप. पण ओळखत बसायला जवळ जाऊ नका. घरात साप दिसला तर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर किंवा गावातल्या जाणत्या सर्पमित्राला फोन करा.

आणि चावलाच तर? २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक आपल्यासारखी खेड्यातली. पुष्कळ जण दवाखान्यात पोहोचलेच नाहीत. म्हणून हे पाठ करा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हातपाय लाकडाच्या आधाराने हलणार नाही असा ठेवा. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. विषावर औषध एकच, सापाच्या विषाची लस, आणि ती दवाखान्यातच मिळते. मंत्र उतरवण्यात गेलेला तासभर परत येत नाही. दुखत नाही म्हणून घरीही थांबू नका. मण्यारीचा दंश आधी दुखत नाही, मग पोटात कळ येते, पापण्या जड होतात, श्वास अडतो.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने दोन कामं करावीत. रात्री गाडी कोण काढेल, त्याचं नाव आणि फोन वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ज्या म्हाताऱ्या मावशीला एकटीने सरपण हलवणं जमत नाही, तिच्या घरी चौघी मिळून जा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण आखाडाच्या आधी उरका. रामराम!