भोके जुळत नाहीत तेव्हा



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय ऐकत आला आहात. आज आमच्या वाट्याला आलेला विषय तळहातावर मावेल एवढा आहे. संगणकाच्या पेटीत, म्हणजे बाजारात जिला कॅबिनेट म्हणतात तीत, हार्ड डिस्क बसवावयाची आहे आणि डिस्कची भोके पेटीच्या भोकांशी जुळत नाहीत. अशा वेळी काय करावे, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फिटिंग खात्यात पुष्कळ झाले. पुढची वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. तेव्हा स्क्रू आणि भोक यांविषयी चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार आपण मान्य करावा.

हा काय व्याख्यानाचा विषय, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे. संघटनेच्या कचेरीत बंद पडलेल्या कारखान्यांतील कामगारांचे हजेरीपट, पगारपत्रके, प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या आम्ही जपून ठेवतो. पुष्कळ मूळ कागद वाळवीने खाल्ले. त्यांची छायाचित्रे तेवढी डिस्कवर उरली आहेत. नवरा वारल्यावर एखादी बाई येते आणि म्हणते, "दादा, ह्यांनी तिथं किती वर्षं काम केलं, ते लिहून पाहिजे." तिच्या हक्काचा पुरावा त्या डिस्कवर असतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी लग्नाची छायाचित्रे असतील, कोणाच्या दुकानाचा हिशेब असेल, कोणाच्या पतपेढीची खाती असतील. ते सारे चार स्क्रूंवर उभे असते. म्हणून चार स्क्रूंचा विचार करणे हलके काम नव्हे.

प्रथम डिस्क आत कशी चालते ते पाहू. तीत काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या चकचकीत चकत्या एकावर एक बसविलेल्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. चकतीवरून वाचणारे आणि लिहिणारे टोक चकतीला न टेकता तिच्यावर तरंगते, आणि दोहोंमधील अंतर काही नॅनोमीटरच असते. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरते. असे यंत्र डगमगू लागले तर टोक आपल्या रेषेवरून ढळते, पुन्हा रेषा शोधते, आणि काम मंदावते. २००८ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीच्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने एक प्रयोग दाखविला. चालू डिस्कांच्या मांडणीजवळ जाऊन तो मोठ्याने ओरडला, आणि त्या आवाजाच्या कंपाने डिस्कांना उत्तर द्यावयास लागणारा वेळ वाढलेला आलेखावर स्पष्ट दिसला. नुसत्या ओरडण्याने एवढे होते, तर एकाच स्क्रूवर लोंबकळणाऱ्या डिस्कचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

आता भोके जुळत का नाहीत? याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण मापाचे. जिला साडेतीन इंची डिस्क म्हणतात ती साडेतीन इंच रुंद नसतेच. ती ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर असते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या खणात ती बसू लागली आणि खणाचे नाव तिला चिकटले. धाकटी अडीच इंची डिस्क सुमारे ७० मिलिमीटर रुंद असते. धाकटी थोरलीच्या खणात ठेवली तर एक बाजू टेकली तरी दुसरी बाजू अधांतरी राहते.

दुसरे कारण आट्यांचे. साडेतीन इंची डिस्कला अमेरिकन इंची आट्यांचा स्क्रू लागतो. त्याचे नाव ६-३२. जाडी सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. अडीच इंची डिस्कला मेट्रिक एम-३ लागतो. जाडी ३ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर अर्धा मिलिमीटर. हे दोन्ही स्क्रू एकाच पुडीत मिसळलेले असले की नवशिक्याला वेगळे ओळखू येत नाहीत. एम-३ हा थोरल्या भोकात घातला तर सैल राहतो. ६-३२ हा धाकट्या भोकात दाबून पिळला तर आटे खाऊन टाकतो. खूण सोपी आहे. दोन्ही शेजारी धरावे. ज्याचे आटे विरळ तो ६-३२, ज्याचे दाट तो एम-३. योग्य स्क्रू पहिले दोन फेरे नुसत्या बोटांनी जातो. बोटांनी जात नसेल तर पेचकसाला हात लावू नये.

तिसरे कारण अलीकडचे आहे. पूर्वी साडेतीन इंची डिस्कच्या प्रत्येक कुशीला तीन भोके आणि पोटाला चार असत. पोटावरच्या दोन भोकांतील लांबीचे अंतर ४४.४५ मिलिमीटर. पुढे डिस्कांची साठवण वाढली, आत चकत्या अधिक बसवाव्या लागल्या आणि जागा अपुरी पडली. हिशेब करून पाहा. चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर आणि पेटीची रुंदी १०१.६, दोन्ही अंगांना उरतात जेमतेम तीन-तीन मिलिमीटर. त्यात मधल्या भोकाला जागा कोठून आणावयाची? म्हणून पुष्कळ मोठ्या डिस्कांत कुशीचे मधले भोक गेले आणि पोटावरची भोके दूर सरकून अंतर ७६.२० मिलिमीटर झाले. नवे अंतर कागदोपत्री प्रमाण म्हणून नोंदले गेले खरे; पण लोकांच्या घरी आणि कचेरीत असलेल्या जुन्या पेट्यांना ते कोण सांगणार?

आमच्या कचेरीत हेच घडले. पेटी जुनी, तिच्यातील पत्रा पोटाच्या जुन्या भोकांसाठी पाडलेला. आणि नवी डिस्क आठ टेराबाइटची. एकही जोडी जुळेना. आमचे एक तरुण कार्यकर्ते म्हणाले, "साहेब, एक स्क्रू तिरका जातोय, बाकी डबल टेप लावू." दुसरे म्हणाले, "डिस्कलाच एक भोक पाडू." दोघांचाही उत्साह खरा होता, पण फिटिंग खात्याचा पहिला नियम त्यांना सांगावा लागला. जुळत नसेल तेथे जोर करावयाचा नाही, आणि मौल्यवान वस्तूला ड्रिल लावावयाचे नाही. बदल करावयाचा तो स्वस्त वस्तूत. डिस्क आणि पेटी यांच्यामध्ये तिसरी वस्तू घालावी, जी एका बाजूने डिस्कची भोके मानील आणि दुसऱ्या बाजूने पेटीची. वाटाघाटींत मध्यस्थ करतो तेच काम येथे पट्टी करते.

अशा तयार पट्ट्या बाजारात मिळतात. अडीच इंचीला साडेतीन इंची खणात, किंवा साडेतीन इंचीला सीडी-ड्राइव्हच्या सव्वापाच इंची खणात बसविणाऱ्या पट्ट्या स्वस्त असतात. खण रिकामा असेल तर हाच मार्ग उत्तम. तयार पट्टी मिळाली नाही तर घरी करावी. डिस्कच्या पोटावर जाड कागद ठेवून भोकांच्या खुणा घ्याव्या. तोच कागद पेटीच्या पत्र्यावर ठेवून पेटीच्या भोकांच्या खुणा घ्याव्या. दीड मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी घेऊन खुणांवर पंच मारावा आणि ४ मिलिमीटरचे भोक पाडावे. खूण थोडी चुकली तर कानशीने भोक लांबट करावे. त्यामुळे केसभर सरकविण्यास वाव राहतो. कडा घासून गुळगुळीत कराव्या. हे सारे काम पेटीपासून दूर करावे. धातूचा कीस संगणकाच्या छापील पाटीवर पडला तर वीज भलत्या वाटेने जाऊन पाटी जळते. पेटीच्या पत्र्यालाच भोक पाडावयाचे असेल तर आतील सर्व सामान आधी बाहेर काढावे आणि पत्रा पुसून, झटकून मगच परत भरावे.

स्क्रूची लांबी ही सर्वांत नाजूक बाब. डिस्कच्या अंगात स्क्रू किती खोल जावा याची मर्यादा तिच्या माहितीपत्रकात दिलेली असते. साधारणतः ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असते. पट्टी दीड मिलिमीटर आणि स्क्रू डोक्याखाली ५ मिलिमीटर, तर आत साडेतीन जातो, हिशेब बसला. त्याहून लांब स्क्रू आतील भागाला इजा करू शकतो. लांब स्क्रूच हाती असेल तर डोक्याखाली वॉशर घालून लांबी कमी करावी. चारही स्क्रू प्रथम सैल लावावे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे, म्हणजे पट्टी वाकत नाही. आवळणे मनगटाच्या जोराने नव्हे, बोटांच्या.

काय करू नये, तेही सांगतो. डबल टेप उष्णतेने सुटतो. डिस्कला स्पंजावर नुसती ठेवू नये. पोटाची पाटी झाकली जाते, उष्णता कोंडते, आणि पेटी हलविली की डिस्क घरंगळते. रबरी दोरांवर झोळीसारखी टांगू नये. आवाज कमी होतो, पण टोक इकडून तिकडे झेपावताना डिस्क स्वतःच झोके घेते. खणाबरोबर आलेल्या रबरी चकत्या मात्र त्याच कामासाठी केलेल्या असतात, त्या वापराव्या. पुष्कळ डिस्कांना हवा येण्याजाण्याचे बारीक छिद्र असते आणि ते झाकू नये अशी सूचना शेजारी छापलेली असते. पट्टी किंवा टेप त्यावर येता कामा नये. हेलियम भरलेल्या डिस्का मात्र पूर्ण बंद असतात. ज्यांत फिरणारे काहीच नसते अशा सॉलिड स्टेट डिस्कांना कंपाचे भय नाही. तरी सांधा ओढला जाऊ नये म्हणून त्याही दोन स्क्रूंनी धरून ठेवाव्या.

बंधुभगिनींनो, भोकाभोकांतील अंतर हा निसर्गाचा नियम नव्हे. तो माणसांनी आपसांत केलेला करार आहे. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचे एकच माप असावे असा निबंध वाचला. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर चढेल याची खात्री नसे. १९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहराला आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांची तोंडे तेथल्या पाण्याच्या नळांना बसेनात, आणि पंधराशेवर इमारती जळाल्या. आपल्याकडे दशमान मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून येऊ लागली. तरी आमच्या खात्यातील जुने फिटर "दोन सुताचा बोल्ट" मागत, आणि आम्हाला सुतांत आणि मिलिमीटरांत असे दोन्हींत विचार करावयास शिकावे लागले.

करार बदलतो, आणि बदलावाही लागतो. चकत्या वाढल्या म्हणून भोक सरकले, यात कोणाचा दुष्टावा नाही. परंतु करार बदलला की जुळवून घेण्याचे काम नेहमी टोकाच्या माणसावर येते. वायरमन, फिटर, दुकानातील दुरुस्तीवाला पोरगा यांच्या हाती पेचकस असतो, पण अंतर ठरविणाऱ्या बैठकीला त्यांना कोणी बोलावीत नाही. म्हणून गिऱ्हाइकानेच काही पथ्य पाळावे. डिस्क घेण्यापूर्वी पेटीच्या भोकांचे माप घ्यावे. दुरुस्तीवाल्याने पट्टीचे आणि अर्ध्या तासाचे पैसे मागितले तर कुरकुर करू नये. "कसेही बसव आणि दे" असे त्याला कधीही म्हणू नये. तसे बसविलेल्या डिस्कचे मोल पुढे आपल्यालाच मोजावे लागते.

आणि शेवटी एक गोष्ट. स्क्रू कितीही चांगला बसला तरी डिस्क कधीतरी जाणारच. म्हणून दुसरी प्रत करून ती दुसऱ्या घरी ठेवावी. आमच्या कचेरीतील डिस्क पट्टीवर घट्ट बसली आहे, आणि तिची प्रत कचेरीपासून दूर, दुसऱ्या छपराखाली आहे. पुरावा मागावयास येणाऱ्या बाईला आमची भोके जुळली नाहीत असे सांगून परत पाठविता येत नाही.