रानातील बी आणि कर्करोगाचे औषध
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोरील भाषणाचा मजकूर)



पुस नदीकाठच्या पुसद परिसरातील रानांना बिब्बा अपरिचित नाही. त्याच्या फळाचे काळे तेल कातडीला लागले की फोड उठतात. कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी धोबी तेच तेल वापरीत. आतील बी म्हणजे गोडंबी, ती हिवाळ्यात लाडवांत पडते. चरकसंहितेने भल्लातकाची गणना रसायनांत केली आहे. एकाच फळात दाह आणि पोषण दोन्ही असल्यामुळे त्याच्या अर्काने कर्करोगाला आळा बसेल काय, असा प्रश्न संशोधकांना पडणे स्वाभाविक होते.

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची रीत सावकाशीची आहे. प्रथम वनस्पतीची ओळख पक्की करून तिचा वाळविलेला नमुना जपून ठेवतात. बिया सावलीत वाळवून कुटतात, त्यांतील तेल वेगळे काढतात आणि मग अल्कोहोल वा पाणी यांत अर्क उतरवितात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी कर्कपेशींवर हा अर्क निरनिराळ्या मात्रांत सोडतात. सुमारे ४८ तासांनी पेशींना रंग देऊन त्यांची वाढ किती खुंटली हे मोजतात, आणि शेजारीच एका प्रचलित औषधाचा परिणामही पाहतात. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत अशा चाचणीची सोय आहे. एका मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी अर्काने पेशींची वाढ निम्म्यावर आली, तरच तो अर्क पुढील अभ्यासास योग्य समजतात.

परंतु काचेच्या बशीतील यश म्हणजे औषध नव्हे. कर्कपेशी मारणारे द्रव्य निरोगी पेशींनाही मारू शकते. म्हणून अर्कातील नेमके द्रव्य वेगळे करणे, प्राण्यांवर त्याची पारख करणे आणि शेवटी रुग्णांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या घेणे अपरिहार्य ठरते.

या वाटेची लांबी एका उदाहरणावरून कळते. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी व त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य शोधले. तेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडात असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखविले. मूळ द्रव्य फार विषारी ठरल्याने रुग्णांवरील चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक फेरफार करून तयार झालेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. मधे तीस वर्षे गेली. दरम्यान मागणी वाढून नरक्याची बेसुमार तोड झाली, हेही विसरता येत नाही.

बिब्बा या वाटेवर अजून अलीकडच्याच टप्प्यावर आहे. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांना बिब्ब्याचा दुधात सिद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा उत्साहवर्धक निष्कर्ष आले. मात्र उंदरावरील गुण माणसात उतरतोच असे नाही. म्हणून 'बिब्ब्याने गाठ विरते' असे ऐकून कोणी घरगुती प्रयोगात महिने घालविले, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागेल. वेळीच सापडलेल्या कर्करोगावर आज परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. तो काळ हातचा जाऊ देता कामा नये.

येथे शिक्षक आणि पंचायत यांचे काम सुरू होते. तोंडातील न भरणारी जखम किंवा अंगावरील गाठ दिसताच रुग्णास रुग्णालयात पाठविणे हे पहिले कर्तव्य होय. दुसरे कर्तव्य रानाच्या ज्ञानाचे जतन. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची व्यवस्थापन समिती आपल्या वनस्पती आणि त्यांविषयीची जाणकारी लोक-जैवविविधता नोंदवहीत उतरवू शकते. उद्या एखाद्या बीमधून औषध निघालेच, तर ज्यांनी ते झाड राखले त्या गावाचा वाटा मागताना ही नोंद उपयोगी पडेल. ती आजच काळजीपूर्वक झाली पाहिजे.