होगार्थची सहा चित्रे : एका विवाहाचा जमाखर्च



विवाह आणि पैसा यांच्या संगनमतावर नाटककारांनी पुष्कळ कोरडे ओढले आहेत. कुंचल्याने ओढलेल्या कोरड्यांत विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) या इंग्रज चित्रकाराच्या 'मॅरेज आ-ला-मोड' या चित्रमालिकेचे स्थान फार वरचे आहे. 'नव्या चालीचा विवाह' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. १७४३च्या सुमारास रंगविलेली ही सहा चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

पहिल्या चित्रात देण्याघेण्याची बोलणी चालली आहेत. सुजलेला पाय पट्ट्यांत गुंडाळून बसलेला उमराव आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवतो. समोरचा धनिक व्यापारी करारपत्र वाचतो. एकाजवळ कुळ आहे पण पैसा नाही, दुसऱ्याजवळ पैसा आहे पण कुळ नाही. खिडकीबाहेर उमरावाचा नवा वाडा अर्धवट उभा आहे. वर आरशात स्वतःलाच न्याहाळतो. वधू त्याच्याकडे पाठ करून बसली असून एक तरुण वकील तिच्याशी कुजबुजतो आहे. जवळच एकमेकांना साखळीने जखडलेले दोन कुत्रे आहेत.

पुढची पाच चित्रे म्हणजे या कराराची फळे होत. दुसऱ्यात थकलेल्या बिलांचा गठ्ठा घेऊन कारभारी हताशपणे निघून जातो. तिसऱ्यात नवरा भोंदू वैद्याच्या दारी येतो. चौथ्यात पत्नीच्या दालनात गाणेबजावणे रंगले आहे आणि तोच वकील तिच्याजवळ पहुडला आहे. पाचव्यात त्याच्या तलवारीने पती कोसळतो. सहाव्यात, वकील फासावर गेल्याचे कळताच ती विष घेते.

देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) नाटकाची आठवण येथे अपरिहार्य आहे. तेथे कांचनभट मुलीच्या मोबदल्यात पैसा घेऊ पाहतो. येथे व्यापारी पैसा मोजून मुलीसाठी उमरावकी विकत घेतो. प्रवाहाची दिशा उलटी, पण मुलीला विचारायचे नाही ही रीत एकच. शारदेचा विवाह ऐनवेळी मोडतो आणि ती वाचते. होगार्थच्या दिवाणखान्यात 'थांबा' म्हणणारा कोणीच नाही. तरुण जोडप्याचे दोष तो झाकत नाही. मात्र अनर्थाचे मूळ दोन बापांच्या त्या टेबलावरच दाखवतो.

या मालिकेवरून केलेले मुद्राचित्रांचे संच १७४५मध्ये एका गिनीला एक या दराने निघाले आणि तिची कीर्ती दूरवर पसरली. मूळ सहाही चित्रांना मात्र १७५१च्या लिलावात अवघ्या १२० गिनी मिळाल्या. विवाहाच्या बाजारावर टीका करणाऱ्या चित्रांची बाजारानेही उपेक्षाच केली.

शेवटच्या चित्रात दाई आजारी लेकराला आईच्या चेहऱ्याशी धरते. व्यापारी बाप जवळच आहे. तो मुलीचा हात हाती घेतो आणि तिच्या बोटातली अंगठी काढून घेतो.