ताप गेला, पण अंग सावरत नाही: घरातल्या शुगरच्या पेशंटसाठी

आसनगावहून लोकल पकडणारे, कल्याण-मुरबाड एसटीत उभ्याने ऐकणारे, सगळ्यांना आज एक काम सांगणार आहे. काम आहे घरातल्या शुगरच्या पेशंटचं, पण करायचं तुम्ही.

पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी ताप असतो. डेंग्यू, चिकनगुनिया, फ्लू, कोविड, काहीही. ताप आठवड्यात उतरतो, पण थकवा जात नाही. चिकनगुनियात तर सांधे महिनोन्महिने धरतात. कोविडनंतर धाप लागणं, डोकं जड राहणं, विसरायला होणं हेही अनेकांना झालं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याची व्याख्या केली. साधारणपणे आजारापासून तीन महिन्यांनीही त्रास आहे, तो किमान दोन महिने टिकलाय आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही, तर तो कोविडनंतरचा त्रास.

यातलं 'दुसरं कारण सापडत नाही' हे नीट ऐका. शुगरच्या माणसात दुसरं कारण बऱ्याचदा सापडतं. फक्त कोणी शोधत नाही.

माझे मामा मुरबाड तालुक्यातले. वय पंचावन्न, दहा वर्षं शुगर. जुलैत ताप आला, उतरला. आवणीला गेले तर तासाभरात बांधावर बसले. सगळे म्हणाले, "व्हायरलनंतर येतोच अशक्तपणा." सांधे दुखतात म्हणून कोणीतरी कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या, नाव-गाव काही नाही. दोन दिवस बरं वाटलं. मग रात्री चार-चार वेळा लघवीला, तोंडाला कोरड. मामीने मला फोन केला. ग्लुकोमीटर लावला, शुगर ३४० च्या वर!

हे होतं कसं? अंगात संसर्ग असला की शरीर ताणाचे हार्मोन सोडतं, लिव्हर जास्त साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. वर स्टिरॉइड गेलं तर शुगर आणखी उडते. बेनामी पुडीतल्या झटपट आराम देणाऱ्या गोळीत ते असू शकतं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली ना, म्युकरमायकोसिस? त्यात वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड हीच जोडी वारंवार दिसली. वेदनाशामक गोळ्याही मनाने रोज घेऊ नका, शुगरवाल्यांच्या किडनीला त्या जड जातात.

उलटंही होतं बरं का. तापात जेवण जात नाही, पण गोळी किंवा इन्सुलिन चालूच. मग शुगर ७० च्या खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात. तेव्हा माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता तुमचं काम. ताप गेल्यावर शुगर मोजा आणि तारखेसकट फोनमध्ये लिहा. चालू असलेल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा फोटो काढा. तो घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जा. जाणं जमत नसेल तर सरकारी ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं. एचबीए१सी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, किडनी तपासायची का, हे विचारा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ चंही विचारा, ते कमी झालं तरी थकवा येतो.

आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकीची तपासणी कराच. शुगर असलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. छातीत दुखलं, बसल्याजागी धाप लागली, तर मात्र थांबू नका.

सगळं तपासून दुसरं काही निघालं नाही, तरी थकवा खोटा नसतो. अशा वेळी "चालून चालून घाम काढ" म्हणू नका. कामाचे तुकडे करा, मध्ये बसू द्या. आज जास्त केलं आणि उद्या आडवं पडलं, तर तेवढं काम अजून झेपत नाही असं समजा.

मामांच्या त्या पुडीतल्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत बंद झाल्या, शुगरचं औषध बदललं. यंदा आवणी पोरांनी केली, मामा बांधावर बसून सूचना देत होते. त्या मात्र कमी झाल्या नाहीत!

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, आणि ज्यांना ऐकता येत नाही त्यांना वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.