पुन्हा त्याच दारात



छायाचित्रकारांच्या संमेलनात अध्यक्षाने छायाचित्रकलेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मोडून मी आज आपल्यातल्याच एका माणसाच्या कामाविषयी बोलणार आहे. सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. 1988 पासून त्यांनी मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम केले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण त्या किताबाच्या मागे जे काम आहे, ते किती जणांनी निवांत बसून पाहिले आहे?

वृत्तपत्राची नोकरी कशी असते ते या सभागृहाला सांगायला नको. सकाळी मंत्रालय, दुपारी मोर्चा, संध्याकाळी कुठल्या तरी हॉटेलातला समारंभ, आणि रात्री पान लागायच्या आत फोटो टेबलावर. या धंद्यात कुठल्याही माणसाच्या वाट्याला आपली पाच मिनिटे येतात. ती नोकरी करत असतानाच ओलवे महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले आणि वर्षानुवर्षे त्यांच्याकडे जात राहिले.

ते गेले कुठे? हाऊस गल्लीत. दोन इमारतींच्या पाठीमधली ती अरुंद बोळ मुंबईकराला माहीत असते, पण तो तिथे पाऊल टाकत नाही. वरच्या मजल्यांवरून खाली टाकलेले सगळे तिथे साचते, गटारे तिथूनच वाहतात. ते हाताने उपसणारा माणूस पहाटे चौकीवर हजेरी लावतो, मुकादम नेमून देईल त्या गल्लीत उतरतो. कोणी कचऱ्याच्या गाडीवर लोडर, कोणी मॅनहोलमध्ये गळ्यापर्यंत बुडालेला. आणि हे काम करणारे जवळजवळ सगळे दलित, ही गोष्ट ओलवे यांची छायाचित्रे कधीच नजरेआड होऊ देत नाहीत.

मित्रहो, इतकी घाण एखादा होतकरू छायाचित्रकार एका सकाळीही टिपून आणेल. ओलवे कामगाराच्या मागोमाग त्याच्या घरी गेले. वसाहतीतली ती खोली नोकरीला बांधलेली असते. नोकरी गेली की छप्पर गेले. म्हणून बाप गेला की मुलगा, आणि मुलगा लहान असेल तर विधवा, तोच झाडू हातात घेते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी हा वारसा हक्क दिला. तो नसता तर कितीतरी कुटुंबे रस्त्यावर आली असती, आणि त्याच हक्काने पुढची पिढीही त्याच गटारात उतरते. आता सांगा, ही गोष्ट एका फ्रेममध्ये कशी मावणार? पहिल्या भेटीत फक्त काम दिसते. वारसा दिसायचा असेल तर तीच खोली काही वर्षांनी पुन्हा पाहावी लागते. बापाच्या तसबिरीखाली बसलेल्या मुलाच्या अंगावर आता कोणता गणवेश आहे, ते पाहावे लागते. मराठीत अरुण ठाकूर आणि महम्मद खडस यांनी ‘नरक सफाईची गोष्ट’ लिहून हे जग शब्दांत आणले होते. ते पुस्तक आणि ही छायाचित्रे आपल्या विद्यार्थ्यांनी शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावीत असे मला वाटते.

या कामातले कृष्णधवल मला फार योग्य वाटते. रंगीत फिल्मवर कचरा देखणा दिसतो. निळ्यालाल पिशव्या डोळा ओढून घेतात आणि माणूस मागे पडतो. रंग काढला की चेहरा उरतो, त्वचेला चिकटलेला चिखल उरतो.

इथे मला अमेरिकेतले एक प्रसिद्ध छायाचित्र आठवते. 1936 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचा फोटो काढला. बातमी छापून आली, सरकारने त्या तळावर धान्य पाठवले. तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. लँग यांनी बाईंचे नावही विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला 1978 साल उजाडावे लागले, आणि या फोटोतून आपल्याला काहीच मिळाले नाही, ही खंत त्यांनी तेव्हा बोलून दाखवली. लँग थोर होत्या. त्यांची करुणा खरी होती. पण त्या परत गेल्या नाहीत, आणि माझ्या लेखी वंचितांचे छायाचित्रण करणाऱ्याची कारकीर्द इथेच जोखली पाहिजे.

छायाचित्रांनी व्यवस्था बदलली असा दावा मी करणार नाही. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला, 2013 मध्ये अधिक कडक झाला. गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले, 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढत गेली, आणि माणसे अजून गुदमरून मरत आहेत. हे सांगताना मला संताप येतो. म्हणूनच आपल्यापैकी कोणी तरी तिथे सतत असले पाहिजे. ओलवे पुढे कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपर्यंत गेले, जातीय अत्याचारांत बळी गेलेल्यांच्या घरांपर्यंत गेले. बातमीचा दिवस सरल्यावर तिथे जाणारा माणूस विरळा.

तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच. ज्यांचे फोटो काढाल त्यांच्या हातात प्रिंट द्या, मोबाइलवर दाखवून भागवू नका. नाव विचारा. ते छापायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या, कारण सफाई कामगाराला नाव छापून आल्याचा अभिमान वाटेल, तर कामाठीपुऱ्यातल्या बाईचे गावाकडचे घर त्याच नावाने तुटेल.

आणि वृत्तपत्रांच्या मालकांना माझी जाहीर विनंती आहे. तुमच्या कपाटांत निगेटिव्ह बुरशी धरत पडल्या आहेत. त्यांत या राज्यातल्या गिरणगावाचा, भटक्यांच्या पालांचा, दुष्काळी छावण्यांचा पुरावा आहे. त्या विद्यापीठांकडे सोपवा, स्कॅन करू द्या, आणि ज्या वस्त्यांतून ते फोटो आले त्या वस्त्यांना पाहायला खुले करा. उद्याच्या खुल्या अधिवेशनात तसा ठराव मी स्वतः मांडणार आहे. त्याला आपण सर्वांनी अनुमोदन द्यावे.